सदाफुलीचें उसनें नांव

इंग्रजी वाचनाची आवड असलेल्या एखाद्या घरांतील मुलापुढें तीन वाक्यें आलीं आहेत, असें क्षणभर समजूं. पहिल्या वाक्यांत एक मुलगी पेरिविंकलची माळ गुंफीत बसली आहे. दुसऱ्यांत लंडनमधील एक कुटुंब रविवारीं संध्याकाळीं चहाबरोबर टांचणीनें पेरिविंकल काढून खात आहे. तिसऱ्यांत एक बाई पेरिविंकल रंगाचा झगा घालून समारंभास निघाल्या आहेत. मुलगा कोश उघडतो आणि समोर शब्द येतो : सदाफुली. सदाफुलीची माळ समजण्यासारखी आहे. परंतु सदाफुली टांचणीनें काढून खावयाची म्हणजे काय? आणि अंगणांतील सदाफुली तर गुलाबी किंवा पांढरी असते, मग पुस्तकांतील चित्रांत तो झगा निळसर जांभळा कसा? या दोन्ही प्रश्नांना कोशाजवळ उत्तर नसतें.

गंमत अशी कीं, पहिल्या वाक्यांतील माळसुद्धां सदाफुलीची नव्हेच. तिन्ही ठिकाणीं 'सदाफुली' हा अर्थ लागू पडत नाहीं. आणि तरीही आपल्या अंगणांतील त्या झुडपाला सारें इंग्रजी जग पेरिविंकल म्हणतें, हेंही खरें. हा गुंता सोडवावयाचा तर नांवाच्या मागें मागें चालत युरोपांत जावें लागतें.

युरोपांतील अस्सल पेरिविंकल ही जमिनीलगत पसरणारी एक सदाहरित वनस्पति आहे. शास्त्रज्ञ तिच्या प्रजातीला 'व्हिन्का' म्हणतात. तिच्यांत एक धाकटी आणि एक थोरली अशा दोन जाति विशेष प्रसिद्ध आहेत. मोठ्या वृक्षांच्या छायेंत, कुंपणाच्या बुडाशीं, ओलसर गारव्याच्या जागीं ती हातपाय पसरते. हिंवाळ्यांत भोंवतालचीं झाडें निष्पर्ण झालीं, बर्फ पडलें, तरी हिचीं चकचकीत पानें हिरवींच राहतात. आणि वसंताची चाहूल लागतांच त्या पानांतून पांच पाकळ्यांचीं निळीं-जांभळीं फुलें डोकावूं लागतात. पाकळ्यांचीं टोकें तिरकीं कापल्यासारखीं, त्यामुळें सगळें फूल मुलांच्या कागदी भिरभिऱ्यासारखें दिसतें.

प्राचीन रोमन लोक तिला 'पेर्विन्का' म्हणत. बांधणें, गुंफणें या अर्थाचा एक लॅटिन धातु आहे, त्याच्याशीं हें नांव जोडतात. आणि तें पटण्यासारखें आहे, कारण तिच्या लांब, लवचिक फांद्या माळेसाठीं फारच सोयीच्या. पहिल्या शतकांत होऊन गेलेला प्लिनी हा रोमन लेखक बारमास हिरवी राहणारी, बागेच्या शोभेची वनस्पति म्हणून तिचा उल्लेख करतो. लॅटिनमधून हा शब्द प्राचीन इंग्रजींत गेला आणि फ्रेंच भाषेंत त्याचा 'पेर्व्हांश' झाला.

ज्या वनस्पतीचें पान थंडींतही गळत नाहीं, तिच्याकडे पाहून माणसाला दोन गोष्टी सुचाव्या, एक प्रेम आणि दुसरें मरण, हें स्वाभाविकच होय. सतराव्या शतकांतील इंग्रज वनौषधिकार कल्पेपर यानें असें नमूद करून ठेविलें आहे कीं, पतिपत्नींनीं हिचीं पानें मिळून खाल्लीं तर त्यांच्यांत प्रीति उत्पन्न होते. उलट इटलींत हिला 'मृताचें फूल' म्हणत, आणि दगावलेल्या लहान बालकांच्या मस्तकावर हिची माळ ठेवीत. इंग्लंडमध्यें तर तिनें एका वधाचा देखावाही सजविला आहे. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यासाठीं लढलेला सरदार सर सायमन फ्रेझर याला १३०६ सालीं पकडून लंडनच्या रस्त्यांतून वधस्थानाकडे नेलें, तेव्हां त्याचे पाय घोड्याच्या पोटाखालीं जखडलेले होते आणि डोक्यावर पेरिविंकलची माळ घातलेली होती, असें वर्णन त्या काळच्या इंग्रजी पोवाड्यांत आहे. ज्यानें पोवाडा रचिला तो शत्रुपक्षाचा. त्याला त्या माळेंत उपहासच दिसला असावा.

परंतु या फुलाला साहित्यांत अढळ स्थान मिळालें तें रूसोमुळें. रूसो ऐन तारुण्यांत असतांना मादाम द वारां या आपल्या आश्रयदात्रीबरोबर शांबेरी गांवाजवळील ले शार्मेत या खेडवळ ठिकाणीं राहावयास निघाला होता. बाई मेण्यांत होत्या आणि रूसो मागून पायीं चालत होता. रस्ता चढणीचा. वाहणाऱ्यांना ओझें होऊं नये म्हणून बाई अर्ध्या वाटेवर खालीं उतरल्या. चालतांना कुंपणांत त्यांना कांहीं निळें दिसलें, आणि पेर्व्हांश अजून फुललेली आहे, असें त्या सहज म्हणाल्या. रूसोनें तें फूल पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें. त्याची दृष्टि अधू. तो वांकलाही नाहीं, जातां जातां एक नजर टाकली इतकेंच. पुढें जवळजवळ तीस वर्षें गेलीं. आश्रयदात्री सुटली, कीर्ति आली, कीर्तीपाठोपाठ छळ आला, देशोदेशीं भटकणें आलें. १७६४ सालीं क्रेसिए येथें द्यु पेरू नांवाच्या मित्राबरोबर एक टेंकडी चढत असतांना झुडुपांत त्याला तेंच निळें फूल दिसलें, आणि उतारवयांतील तो तत्त्वज्ञ आनंदानें ओरडला. मित्राला त्या ओरडण्याचा अर्थ कळला नाहीं. रूसोनें पुढें आत्मचरित्रांत हा प्रसंग लिहिला, तो एवढ्याचसाठीं कीं, त्या पहिल्या दिवसांचा ठसा आपल्या मनावर किती खोल उमटला होता, हें वाचकाला समजावें.

आतां या प्रसंगाचें मराठी करतांना पेर्व्हांश म्हणजे सदाफुली असें लिहून पाहावें. प्रसंगाचा प्राणच निघून जातो. सदाफुली ही चाळीच्या गॅलरींत, देवळाच्या कुंपणाशीं, रेल्वेच्या रुळांशेजारीं, फुटक्या डब्यांत, कोठेंही बारा महिने फुललेली असते. तिला तीस वर्षें न पाहतां राहणें महाराष्ट्रांत कोणालाच शक्य नाहीं. आणि अवचित पाहून ओरडण्याचें कारणही कोणास पडणार नाहीं. कोशाच्या दृष्टीनें जो शब्द बरोबर, तो त्या कथेच्या दृष्टीनें साफ खोटा ठरतो. भाषांतरकारानें अशा ठिकाणीं 'पेर्व्हांश नांवाचें एक निळें रानफूल' एवढें लिहिलें तरी पुरे.

या पाकळीवरूनच पुढें रंगाला नांव मिळालें. तो रंग धड निळा नव्हे आणि धड जांभळाही नव्हे. निळ्यांत जांभळ्याची झांक असावी आणि वर थोडें दूध मिसळावें, तसा कांहींसा तो दिसतो. अमेरिकेंतील क्रेयोला कंपनीच्या मेणाच्या रंगीत खडूंत या नांवाचा खडू असतो, आणि रंगांची प्रमाणें ठरविणाऱ्या पँटोन या संस्थेनें २०२२ या वर्षाचा रंग म्हणून याच घराण्यांतील एक छटा निवडली होती. पॅरिसमध्यें तर या रंगाला निराळीच कीर्ति लाभली. तेथें भलत्या जागीं मोटारगाडी उभी केल्यास दंडाची चिठ्ठी लावणाऱ्या स्त्रिया असत. प्रथम त्यांचा गणवेष वांग्याच्या रंगाचा होता, म्हणून लोक त्यांना 'वांगी' म्हणूं लागले. मग गणवेष बदलून निळसर झाला, तेव्हां त्या 'पेर्व्हांश' झाल्या. रूसोला ज्या फुलानें तारुण्य आठवलें, त्याच्या नांवानें पॅरिसच्या मोटारवाल्यांना दंड आठवावा, याला भाषेचा विनोद म्हणावें लागतें.

फुलावरून रंगास नांव देणें आपल्याकडेही जुनेंच आहे. लुगड्यांच्या दुकानांत अबोली आणि गुलबक्षी हे शब्द रोज उच्चारले जातात. गुलबक्षीचें उदाहरण तर फारच बोलकें आहे. गुलबक्षीच्या झाडाला पांढरीं फुलें येतात, पिवळीं येतात, कधीं एकाच फुलावर दोन रंगांचे शिंतोडे असतात. परंतु गुलबक्षी लुगडें मागणाऱ्या बाईपुढें कोणीही पिवळें लुगडें टाकीत नाहीं. फूल कितीही रंगांचें असलें तरी भाषेनें त्यांतला एकच रंग उचलून ठेविला आहे. पेरिविंकलचें तसेंच आहे. म्हणून या नांवाचा रंग मागविणाऱ्यानें अंगणांतील सदाफुली डोळ्यांपुढें आणूं नये. गुलाबी कापडाची अपेक्षा धरील आणि पार्सलांतून निळसर जांभळें कापड निघेल.

राहिलें तें टांचणीनें काढून खाण्याचें प्रकरण. ही पेरिविंकल म्हणजे समुद्रकांठच्या खडकांवर राहणारी एक लहान गोगलगाय. तिचा आणि फुलाचा संबंध काय, असा प्रश्न पडून पुष्कळ इंग्रज लोकही शंखाच्या आकारांत फुलाचें साम्य शोधीत बसतात. तसें साम्य मुळींच नाहीं. हे दोन शब्दच वेगळे होते. गोगलगाईला प्राचीन इंग्रजींत 'पिनेविंकल' अशासारखें नांव होतें. त्यांतील पहिला भाग शिंपल्याच्या एका लॅटिन नांवापासून आलेला दिसतो, आणि दुसऱ्याचा संबंध वळण, पिळा या अर्थाच्या उत्तर युरोपीय शब्दांशीं आहे. फुलाचें नांव निराळें, लॅटिन वळणाचें. बोलतां बोलतां दोन्हीं नांवें एकमेकांकडे सरकत गेलीं, आणि सोळाव्या शतकापासून दोघांचाही उच्चार 'पेरिविंकल' असा एकच आढळूं लागला.

असें होतें कसें, हें समजण्यासाठीं इंग्रजीपर्यंत जावयास नको. आपला 'पान' हा शब्द पाहावा. झाडाचें पान हें संस्कृत 'पर्ण' या शब्दापासून प्राकृतांतील 'पण्ण' या पायरीनें झिजत झिजत आलें. मद्यपान, दुग्धपान, जलपान यांतील पान हें मात्र 'पिणें' या अर्थाच्या संस्कृत धातूपासून सरळच आलें आहे. दोघांचें कूळ वेगळें, वाट वेगळी. मुक्कामाला मात्र एकच घर. 'काम' या शब्दाचीही तीच स्थिति आहे. कचेरींतलें काम हें 'कर्म' या शब्दाचें झिजलेलें रूप, आणि षड्रिपूंतला काम हा मूळचाच काम. परकी मनुष्य या दोहोंत कांहीं खोल नातें शोधूं लागला तर आपल्याला हंसूं येईल. शंखांत फूल पाहणाऱ्याची गत तीच आहे. फ्रेंच लोकांना ही अडचण पडत नाहीं. त्यांचें फूल पेर्व्हांश आणि त्यांची ही गोगलगाय 'बिगोर्नो'. घोटाळा इंग्रजी कानाचा आहे, निसर्गाचा नव्हे.

हा प्राणी मात्र मोठा हिकमती आहे. शंख भोंवऱ्याच्या आकाराचा, गडद करडा किंवा तपकिरी, फार तर बोटाच्या दोन पेरांएवढा. जिभेवर अतिसूक्ष्म दांतांच्या रांगा असतात. त्यांनीं तो खडकावरील शेवाळ कानशीनें घासावें तसें खरवडतो. ओहोटी लागून खडक उघडा पडला कीं शिंगासारख्या पातळ झांकणानें तो आपलें दार लावून घेतो आणि आंत चार थेंब पाणी राखून पुढच्या भरतीची वाट पाहतो. इंग्लंड, आयर्लंड, फ्रान्स या देशांतील गरिबांचें हें जुनें खाणें. खाऱ्या पाण्यांत उकडावयाचें, झांकण उडवावयाचें, आणि टांचणी खुपसून शंखाच्या वळणावळणानें हात फिरवीत मांस अखंड बाहेर काढावयाचें. हें काम इतकें चिकाटीचें कीं, एखाद्याकडून मोठ्या मिनतवारीनें गोष्ट काढून घेणें याला इंग्रजींत 'विंकल' हेंच क्रियापद रूढ झालें. आपल्या कोंकणांत मिळणाऱ्या तिसऱ्या आणि कालवें हीं दोन शिंपांचीं. हा एकाच शंखाचा जीव. परंतु याच्या कुळांतले बारीक शंख ओहोटीच्या वेळीं आपल्याही किनाऱ्यावरील खडकांना चिकटलेले दिसतात.

आतां आपली सदाफुली. तिचें माहेर मादागास्कर, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्वेस हिंदी महासागरांत असलेलें विस्तीर्ण बेट. तिच्या प्रजातींत आठ जाति आहेत; त्यांपैकीं सात त्या बेटावरच्या, आणि आठवी, बारीक पांढऱ्या फुलांची, शेतांत तणासारखी उगवणारी, आपल्याकडची. जहाजांच्या वाटेनें सदाफुली उष्ण कटिबंधांतील जवळजवळ प्रत्येक देशांत पोहोंचली, आणि जेथें गेली तेथें तिथलीच होऊन राहिली. अठराव्या शतकाच्या मध्यास तिचें बीं मादागास्करहून पॅरिसच्या राजोद्यानांत आणि तेथून लंडनच्या चेल्सी येथील वनौषधि-उद्यानांत आलें. युरोपीय माळ्यांनीं पाहिलें तों काय, तशींच समोरासमोर चकचकीत पानें, तशीच फुलाची बारीक नळी, तशाच भिरभिऱ्यासारख्या पांच पाकळ्या. रंग तेवढा गुलाबी. १७५९ सालीं लिनीअस या थोर वनस्पतिशास्त्रज्ञानें तिला 'गुलाबी व्हिन्का' या अर्थाचें लॅटिन नांव दिलें. झाली ती पेरिविंकल!

नात्यानें तें अगदींच चूक नव्हतें. दोघी एकाच कुळांतल्या. कण्हेर, तगर, सप्तपर्णी, चाफा यांचेंही तेंच कूळ. परंतु स्वभाव पाहावा तर एक सांवली आणि गारवा शोधणारी, जमिनीवर लोळणारी. दुसरी भर उन्हांत ताठ उभी राहणारी. बारकाईनें पाहतां फुलाच्या अंतर्भागाची रचनाही वेगळी निघाली. अखेर १८३७ सालीं जॉर्ज डॉन या स्कॉटिश शास्त्रज्ञानें तिचा संसार वेगळा मांडून दिला आणि तिच्या प्रजातीला 'कॅथरँथस' म्हणजे 'शुद्ध फूल' असें ग्रीक शब्दांचें नांव रूढ केलें. शास्त्रांत नांव बदललें; लोकांच्या तोंडीं तें बदललें नाहीं. इंग्रज माळी तिला 'मादागास्करची पेरिविंकल' म्हणत राहिले, आणि उष्ण देशांत, जेथें अस्सल पेरिविंकल जगूंच शकत नाहीं, तेथें मादागास्कर हा शब्दही गळून पडला.

आपल्या लोकांनीं हीं परकीं नांवें घेतलीं नाहींत, याबद्दल त्यांचें कौतुक करावेंसें वाटतें. मराठींत सदाफुली, हिंदींत सदाबहार, गुजरातींत बारमासी : तिघांनाही तिचें अखंड फुलणेंच डोळ्यांत भरलें. बंगाली माणसाला मात्र तिच्या मधला ठिपका दिसला आणि त्यानें तिला नयनतारा म्हटलें. या नांवाला तोड नाहीं. तामिळांत ती नित्यकल्याणी आहे. पण त्याच तामिळांत तिचें दुसरें नांव 'स्मशानांतली मोगरी' अशा अर्थाचें आहे, आणि मलयाळींत तर प्रेताचा वास सुचविणारें एक नांव आहे. पाणी घालणारा कोणी नसतांही फुलते, म्हणून स्मशानांत ती दिसते. स्मशानांत दिसते, म्हणून नांवाला मरण चिकटतें. इटलींतही मागें सांगितलेल्या निळ्या फुलाला मृताचेंच नांव पडलें होतें. दोन वनस्पति वेगळ्या, दोन देश हजारों कोसांवर, भाषांत देवघेव नाहीं; तरी लोकांची कल्पना एकाच जागीं येऊन थांबली.

आणि याच स्मशानांतल्या फुलानें लहान मुलांना मरणाच्या दारांतून परत आणावें, ही गोष्ट विसाव्या शतकांत घडली. १९५२ सालीं कॅनडांतील डॉ. रॉबर्ट नोबल यांना त्यांचे बंधु डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडून एक पाकीट आलें. आंत जमेका बेटांतील सदाफुलीचीं २५ पानें होतीं. तेथील लोक मधुमेहावर या पानांचा काढा घेत, तेव्हां त्यांत कांहीं गुण आहे काय तें पाहावें, अशी सूचना होती. क्लार्क नोबल यांचा मधुमेहाशीं जुना संबंध. विद्यार्थिदशेंत, १९२१ सालीं, इन्सुलिनच्या शोधासाठीं बँटिंग यांच्या हाताखालीं प्रथम कोणी जावें याचा निर्णय त्यांनीं आणि बेस्ट यांनीं नाणें उडवून केला होता, आणि कौल बेस्ट यांच्या बाजूनें पडला होता.

रॉबर्ट नोबल यांनीं उंदरांना काढा पाजून पाहिला. रक्तांतील साखर तसूभरही हलली नाहीं. मग अर्क टोंचून पाहिला, तों उंदीर जंतुसंसर्गानें मरूं लागले. दुसरा एखादा तेथेंच थांबला असता. नोबल यांनीं उंदरांचें रक्त तपासलें, तेव्हां दिसलें कीं, त्यांतील पांढऱ्या पेशी अतिशय घटल्या आहेत, म्हणून साध्या जंतूंनाही तोंड देण्याचें बळ त्यांच्यांत उरलें नाहीं. आतां ज्या रोगांत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्या रक्ताच्या कर्करोगावर हेंच विष औषध होणार नाहीं काय? रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर यांच्या मदतीनें १९५८ सालीं त्या पानांतून 'व्हिनब्लास्टिन' हें द्रव्य शुद्ध रूपांत निघालें. अमेरिकेंतील एका औषधी कंपनीचे शास्त्रज्ञही स्वतंत्रपणें त्याच वाटेवर होते. त्यांच्या प्रयत्नांतून 'व्हिनक्रिस्टिन' हें भावंड हातीं आलें आणि १९६३ पासून तें अमेरिकेंत वापरांत आलें. पेशीचे दोन भाग होतांना आंत जे सूक्ष्म दोरे तयार व्हावे लागतात, ते हीं औषधें होऊं देत नाहींत. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर इतर औषधांच्या जोडीनें व्हिनक्रिस्टिन आजही दिलें जातें. परळच्या, १९४१ सालीं उघडलेल्या टाटा रुग्णालयांतही.

येथें श्रोत्यांनीं जरा थांबावें. औषध पानांत आहे हें ऐकून पान चावण्याचा मोह पुष्कळांना होतो. मधुमेहासाठीं रोज सकाळीं सदाफुलीचीं पानें-फुलें खाणारीं माणसें आपल्या शहरांत कमी नाहींत, आणि अलीकडे कर्करोगासाठींही कोणी कोणाला तसा सल्ला देतो. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिन मिळविण्यास सुमारें ५०० किलो सुकीं पानें लागतात. म्हणजे मूठभर पानांत औषध जवळजवळ नाहींच. आहेत तीं शंभराहून अधिक इतर क्षारद्रव्यें, कण्हेरीच्या कुळाला साजेशीं. शिवाय हें औषध पोटांत घ्यावयाचें नसून शिरेंतून, वजन मापून, रक्त तपासून द्यावयाचें असतें, कारण त्याची मात्रा चुकल्यास मज्जातंतु आणि रक्त या दोहोंनाही अपाय होतो. मुलाच्या आजारानें हातघाईस आलेल्या घरानें अंगणांतील पाल्यावर विसंबून रुग्णालयांतील चार महिने घालविले, तर तो काळ परत येत नाहीं.

नांवाचा घोटाळा या औषधांनाही सुटला नाहीं. दोन्हीं नांवांचा आरंभ 'व्हिन्' या अक्षरांनीं होतो, तो जुन्या व्हिन्का या नांवावरून. वैद्यकाचीं पुस्तकें आजही या वर्गाला व्हिन्का-क्षारद्रव्यें म्हणतात. परंतु अस्सल व्हिन्का, रूसोची ती निळी वेल, हिच्या अंगीं हीं द्रव्यें मुळींच नाहींत. औषध सदाफुलीचें, आणि नांव दुसऱ्याच फुलाचें. ज्या मादागास्करहून सदाफुली आली, त्या बेटाच्या पदरांतही या औषधांच्या नफ्यांतून फारसें कांहीं पडलें नाहीं, ही तक्रार जगांत पुष्कळदां झालेली आहे, आणि ती अयोग्य म्हणतां येणार नाहीं.

एवढीं पानें जमवावयाचीं, सुकवावयाचीं, आणि त्यांतून चिमूटभर द्रव्य काढावयाचें, हें फार खर्चाचें काम. आपल्या देशांत तामिळनाडूमध्यें सदाफुलीची शेती होते ती यासाठींच. २०२२ सालीं शास्त्रज्ञांनीं वनस्पतींचे तीसहून अधिक जनुक आंबवण्याच्या किण्वपेशींत, म्हणजे पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्यें, बसवून त्या द्रव्याचे दोन घटक पानांशिवाय तयार करून दाखविले. कारण व्हिनब्लास्टिनचा रेणु हा मुळांत दोन तुकड्यांचा जोड आहे. तुकडे वेगळे तयार झाले कीं प्रयोगशाळेंत ते एकमेकांस जोडतां येतात. रसायनशास्त्रज्ञांनीं त्या दोन तुकड्यांना जीं नांवें दिलीं आहेत, त्यांपैकीं एक आहे 'व्हिंडोलिन', तें लिनीअसच्या व्हिन्कावरून, आणि दुसरें 'कॅथरँथिन', तें डॉनच्या कॅथरँथसवरून.